नाकावर खूण नव्हती: एका मुलीच्या वाढत्या नंबरची तीन वर्षं

मी कोल्हापुरात एका नेत्रतज्ज्ञांकडे ऑप्टोमेट्रिस्ट म्हणून काम करते. चष्म्याचा नंबर भराभर वाढणारी मुलं आता रोज समोर येतात. ही हकिकत त्यांतल्या एका मुलीची आहे. घरच्यांना विचारून लिहिते आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिला श्रावणी म्हणू.

हेच प्रकरण निवडलं, कारण यात उपचार योग्य निवडला होता, घरच्यांनी पैसे खर्च केले होते, तरीही सहा महिने हातचे गेले. ते का गेले हे आम्हाला फार उशिरा कळलं.

पार्श्वभूमी

जून २०२२ मध्ये श्रावणी पहिल्यांदा आमच्याकडे आली तेव्हा आठ वर्षांची होती आणि नुकतीच तिसरीत गेली होती. घर शिवाजी पेठेत. वडील गुजरीत सोन्याचे कारागीर, दिवसभर मान खाली घालून वीतभर अंतरावरचं बारीक काम. त्यांचा नंबर मायनस ७ च्या आसपास, आणि एका डोळ्याच्या पडद्याला छिद्र सापडल्यामुळे लेझर झालेलं. आई पतसंस्थेत नोकरीला, संध्याकाळी साडेसहाला घरी येणार. घरात आजी आणि साडेचार वर्षांचा धाकटा भाऊ.

श्रावणीची पहिली आणि दुसरी इयत्ता बहुतेक मोबाइलच्या पडद्यावरच झाली. जून २०२१ मध्ये ती टीव्हीला नाक लावून बसते म्हणून आईनं चष्म्याच्या दुकानात नंबर काढून घेतला. दोन्ही डोळ्यांना मायनस १. वर्षभर तोच चष्मा. नंतर शाळा नियमित सुरू झाली आणि दुसऱ्या बाकावरूनही फळ्यावरचं दिसेना, तेव्हा बाईंनी वहीत चिठ्ठी लिहून पाठवली.

अडचण नेमकी काय होती

मशीनवर आणि अक्षरं वाचून नंबर आला उजवा मायनस २.७५, डावा मायनस २.५०. तिथंच थांबलो असतो तर चूक झाली असती. लहान मुलं तपासणीच्या वेळी नकळत डोळ्यावर ताण देतात आणि मायनस नंबर फुगून दिसतो. म्हणून बाहुली मोठी करणारे, डोळ्याची फोकस करण्याची ताकद तात्पुरती सैल करणारे थेंब घालून पुन्हा तपासलं. खरा नंबर निघाला मायनस २.२५ आणि मायनस २. तरीही वर्षभरात एक ते सव्वा नंबर वाढला होता. आठव्या वर्षी हा वेग जास्त आहे.

वडिलांनी सरळ विचारलं, "मॅडम, माझा सात आहे. मी काम करतोयच की. मग दोननं काय बिघडतंय?"

प्रश्न रास्त होता. मायनस नंबर वाढतो म्हणजे बहुतेक वेळा डोळ्याचा गोळा मागच्या बाजूला लांबत जातो. साधारण एक मिलिमीटर लांबी वाढली की अडीच ते तीन नंबर वाढतो. चष्मा लावला की दिसतं, पण लांबलेला डोळा परत आखूड होत नाही आणि त्याच्या आतला पडदा ताणलेलाच राहतो. पुढं पडदा सुटणं, काचबिंदू, पडद्याच्या मध्यभागाची झीज यांचा धोका नंबरासोबत चढत जातो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणानुसार वाढ एका नंबरानं जरी कमी राखता आली, तरी मध्यभागाच्या झिजेचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतो. वडिलांच्या पडद्याला लेझर का लागलं याचा संबंध त्यांनी यापूर्वी कधी नंबराशी जोडलेला नव्हता. त्या दिवशी ते बराच वेळ गप्प बसले.

आईची काळजी वेगळी होती. "नंबर थोडा कमीच द्या ना, म्हणजे डोळ्यांना सवय लागणार नाही." असं आठवड्यात दोन-तीन आया तरी सांगतात. मलेशियातल्या २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुद्दाम कमी नंबरचा चष्मा दिलेल्या मुलांचा नंबर उलट जास्त वाढला होता. म्हणून पूर्ण नंबर दिला.

पहिला निर्णय: थांबून बघू

त्या दिवशी डॉक्टरांनी वाढ रोखणाऱ्या थेंबांचा विषय काढला. आई घाबरली. एवढ्याशा मुलीच्या डोळ्यात रोज औषध, तेही वर्षानुवर्षं. मग सगळ्यांच्या मतानं ठरलं की साधा चष्मा पूर्णवेळ वापरायचा, उन्हात-उजेडात खेळायचं आणि सहा महिन्यांनी बघायचं.

डोळ्याची लांबी त्या दिवशी आम्ही मोजली नाही. मोजण्याचं यंत्र शेजारच्या खोलीतच होतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी भिंगाचा नंबर ठरवायला ते रोज वापरतो. मुलाला त्यासमोर बसवायला दोन मिनिटं लागतात, डोळ्याला काही लागत नाही. पण तेव्हा आमच्या मनात ते मोतीबिंदूच्या पेशंटचं यंत्र होतं.

डिसेंबर २०२२ मध्ये नंबर झाला मायनस २.७५ आणि मायनस २.५०. सहा महिन्यांत अर्धा. लांबी पहिल्यांदा मोजली: उजवा २४.३२ मिलिमीटर, डावा २४.२५. आता थांबण्यात अर्थ नव्हता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय त्याच वाढ रोखणाऱ्या थेंबांचा, म्हणजे कमी ताकदीच्या अ‍ॅट्रोपिन या औषधाचा. रोज रात्री एक थेंब. सिंगापूरमधल्या चाचण्यांपासून याची चर्चा सुरू झाली. हाँगकाँगच्या अभ्यासात ०.०५, ०.०२५ आणि ०.०१ टक्का अशा तीन ताकदी पडताळल्या. पहिल्या वर्षात नंबराची वाढ अनुक्रमे सुमारे ६७, ४३ आणि २७ टक्क्यांनी मंदावली. सर्वांत सौम्य ०.०१ टक्क्याबद्दल मात्र निष्कर्ष एकसारखे नाहीत. भारतातल्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्यानं नंबराची वाढ कमी झाली, पण लांबीतला फरक ठोस म्हणावा इतका नव्हता. खर्च झेपण्यासारखा, पण थेंब चुकवून चालत नाही. उजेड सहन न होणं, जवळचं थोडं पुसट दिसणं हे त्रास ताकदीसोबत वाढतात, आणि औषध एकदम बंद केलं तर नंबर उसळी घेऊ शकतो.

दुसरा, चष्म्याच्या विशेष काचा. हाँगकाँगच्या पॉलिटेक्निक विद्यापीठात विकसित झालेल्या एका प्रकारात मधला ९ मिलिमीटरचा भाग नेहमीच्या नंबरचा असतो आणि त्याच्या भोवती सुमारे ४०० बारीक भिंगं असतात. समोरचं स्वच्छ दिसतं, पण पडद्याच्या कडेला 'आता लांबू नको' असा इशारा पोहोचत राहतो. दोन वर्षांच्या चाचणीत नंबराची वाढ ५२ टक्क्यांनी आणि लांबीची ६२ टक्क्यांनी कमी झाली होती. औषध नाही, टोचणं नाही. पण साध्या काचांच्या कितीतरी पट महाग, आणि जितका वेळ डोळ्यावर तितकंच काम. अशाच दुसऱ्या प्रकारच्या काचांच्या चीनमधल्या अभ्यासात रोज १२ तास किंवा जास्त चष्मा घालणाऱ्या मुलांना सर्वाधिक फायदा दिसला.

तिसरा, रात्री घालून झोपायच्या कडक कॉन्टॅक्ट लेन्स. त्या उपयोगी आहेत. पण आठ वर्षांच्या मुलीसाठी रोज लेन्स धुणारं, नळाचं पाणी लागू न देणारं कुणीतरी हवं. हयगय झाली तर बुबुळाला गंभीर जंतुसंसर्ग होऊ शकतो. आईनंच सांगितलं, "माझ्याच्यानं जमणार नाही." तो विषय तिथं संपला. दिवसा घालायच्या मऊ लेन्सचंही तसंच झालं.

कुणीतरी सुचवलेल्या निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांबद्दलही आईनं विचारलं. त्यांनी नंबराची वाढ थांबते असा पुरावा नाही, हे सांगितलं.

डॉक्टरांचा कल थेंबांकडे होता, घरच्यांचा काचांकडे. वडिलांची भिशी जानेवारीत लागणार होती. ते पैसे चष्म्याला घालायचे असं त्यांनी ठरवलं. मलाही तेच पटलं, कारण जे घरच्यांना मनापासून पटतं तेच टिकतं असं मला वाटत होतं.

वाया गेलेले सहा महिने

जानेवारी २०२३ मध्ये चष्मा दिला. एप्रिलमध्ये फ्रेम सैल झाली म्हणून आई घेऊन आली. मी विचारलं, "दिवसभर घालते ना?" आई म्हणाली, "हो." मी कार्डावर 'नियमित वापर' असं लिहिलं.

जूनमध्ये लांबी मोजली आणि आकडा पाहून यंत्र पुन्हा लावलं. उजवा २४.५३, डावा २४.४६. सहा महिन्यांत दोन्हीकडे ०.२१ मिलिमीटर. त्या वयात मायनस नंबर नसलेल्या मुलाचा डोळा वर्षाला साधारण ०.१ मिलिमीटर वाढतो. नंबर मायनस ३.२५ आणि मायनस ३. काचांनी कामच केलं नव्हतं, निदान आकडे तसं सांगत होते.

त्या दिवशी आईला रजा मिळाली नव्हती. श्रावणीला आजी घेऊन आल्या होत्या. नंबर तपासताना मी तिचा चष्मा काढला आणि तेव्हा लक्ष गेलं. दिवसभर चष्मा घालणाऱ्या मुलाच्या नाकावर, दोन्ही बाजूंना, नोजपॅडच्या लहानशा लालसर खुणा असतात. चष्मा काढला तरी त्या तास-दीड तास राहतात. श्रावणीच्या नाकावर काहीच नव्हतं, कातडी गुळगुळीत होती.

मग मी आजींना विचारलं, "आजी, शाळेतून आली की ही चष्मा कुठं ठेवते?"

"देवघराच्या फळीवर ठेवतोय की आम्ही, डबीत घालून. महागाचा हाय. पोरगी खेळताना मोडंल. आणि घरात कशाला पायजे? घरात तिला काय दिसत न्हाई व्हय? सारखा घातला की नंबर वाढतोय. माज्या पोराचं तसंच झालं."

शाळा साडेअकरा ते साडेपाच. म्हणजे चष्मा शाळेचे सहा तास आणि नंतर शिकवणीपुरता, रविवारी आणि मे महिन्याच्या सुट्टीत जवळजवळ शून्य. आईनं खोटं सांगितलं नव्हतं. ती घरी यायची तेव्हा पोरीला चष्मा लावलेला असायचा, कारण सातला शिकवणीला जायचं असायचं. मधल्या वेळेतलं तिनं कधी पाहिलंच नव्हतं. आणि तो वेळ ज्यांच्या हातात होता त्या आजींशी आम्ही वर्षभरात एक शब्दही बोललो नव्हतो. लेकाचे डोळे बिघडताना त्यांनी पाहिलं होतं, आणि नातीचे बिघडू नयेत म्हणून त्यांना जे सुचलं ते त्या जिवापाड करत होत्या.

मी त्यांना दोन्ही वेळचे लांबीचे आकडे दाखवले. सांगितलं की पोरगी उंच होते तसा डोळा आतून लांबतोय, चष्म्यामुळे नव्हे. उलट हा चष्मा त्या वाढीला आवर घालायलाच आहे. त्यांनी दोन्ही कागद हातात धरून थोडा वेळ पाहिले. म्हणाल्या, "म्हंजे डोळाबी उंच व्हायलाय म्हणा की." मी इतकी वर्षं हे समजावते आहे, इतकं नेमकं मला कधी सुचलं नव्हतं. आता मीही पालकांना असंच सांगते.

दुसरा निर्णय: एक बदल की दोन?

इथं डॉक्टरांचं आणि माझं मत वेगळं पडलं. माझं म्हणणं होतं की काचांना अजून खरी संधीच मिळालेली नाही. चष्मा पूर्णवेळ सुरू करू, सहा महिने बघू, मग लागले तर थेंब. दोन्ही एकदम सुरू केलं तर कशानं गुण आला हे कधीच कळणार नाही.

डॉक्टर म्हणाले, "आपण प्रयोग करत नाही. ही नऊ वर्षांची आहे, बाप सातवर आहे, एक वर्ष आधीच गेलंय. मला कारण कळण्यापेक्षा डोळा थांबणं जास्त महत्त्वाचं वाटतं."

मला तेव्हा ते घाईचं वाटलं होतं. आज त्यांचंच बरोबर होतं असं वाटतं. वाढीचा वेग लहान वयात सर्वांत जास्त असतो आणि त्या वयातले सहा महिने नंतर भरून काढता येत नाहीत.

थेंब ०.०५ टक्क्याचे सुरू केले. ०.०१ पासून चढत जाण्याचा मार्गही होता, पण वेग पाहता डॉक्टरांनी तो टाळला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका चाचणीत ५ ते १२ वर्षांच्या मुलांमध्ये ०.०१ टक्क्यानं काहीच फरक पडला नाही, असं जाहीर झालं.

थेंब घालण्याचं काम आजींकडे दिलं. आईच्या घाईच्या रात्रींपेक्षा आजींचा नेम पक्का होता. खालची पापणी ओढून एक थेंब, डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा एक मिनिट दाबून धरायचा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. हे त्यांच्याकडून दवाखान्यातच दोनदा करून घेतलं. थेंब घातला की दिनदर्शिकेच्या त्या तारखेवर पेन्सिलीनं फुली. फोडलेली बाटली महिन्यानं टाकायची, उरलेली असली तरी. चष्म्यासाठी मागं बांधायचा रबरी पट्टा दिला आणि खेळताना मोडला तर फ्रेम बदलून देऊ असं सांगितलं. मोडण्याची भीती गेल्यावर डबी देवघरातून निघाली.

बाहेर खेळण्याचं जमवणं सर्वांत अवघड गेलं. सकाळी शिकवणीचा गृहपाठ, मग शाळा, संध्याकाळी शिकवणी. शेवटी सकाळी सात ते आठ आजी दोन्ही नातवंडांना घेऊन रंकाळा तलावावर जाऊ लागल्या, आणि शाळेच्या मधल्या सुट्टीत वर्गात बसायचं नाही असं बाईंशी बोलून ठरवलं. जुलैत कोल्हापूरचा पाऊस लागला की हे सगळं कोलमडायचं. पण ढगाळ दिवशीही उघड्यावरचा उजेड घरातल्या ट्यूबच्या कितीतरी पट असतो, म्हणून छत्री घेऊन का होईना, गल्लीत एक फेरी मारायची असं आम्ही सांगितलं. काही दिवस झालं, काही दिवस नाही.

परिणाम

पहिले दोन आठवडे श्रावणीला उजेड टोचायचा. ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा तक्रार आली. कडा मोठी असलेली टोपी दिली. बाहुल्या मोठ्या दिसतात म्हणून बाईंनी आईला फोन केला होता, तेव्हा एक चिठ्ठी लिहून दिली. जवळचं वाचण्याची ताकद दर भेटीत मोजली, ती पुरेशी राहिली.

डिसेंबर २०२३ मध्ये उजवा डोळा २४.६०, डावा २४.५२. जून २०२४ मध्ये २४.६७ आणि २४.५८. म्हणजे आधी सहा महिन्यांत ०.२१ वाढणारा डोळा वर्षभरात ०.१४ वाढला. नाकावर दोन्ही बाजूंना खुणा होत्या. मी दर वेळी बघते.

मग पाचवीचं शिष्यवृत्तीचं वर्ष आलं. दिवाळीनंतर सकाळचा रंकाळा बंद झाला आणि त्या वेळेत जादा तास आला. दिनदर्शिकेची पानं आजींनी जपून आणली होती. डिसेंबर आणि जानेवारीत फुल्यांमध्ये मोठमोठ्या मोकळ्या जागा होत्या. आजी त्या दिवसांत गुडघ्याच्या दुखण्यानं लेकीकडे होत्या, आणि थेंबांचं काम दुसऱ्या कुणाकडे सोपवलेलंच नव्हतं. जून २०२५ मध्ये लांबी २४.८३ आणि २४.७३, नंबर मायनस ३.७५ आणि मायनस ३.५०. दोन वर्षांत अर्धा नंबर. त्याआधी अर्धा नंबर सहा महिन्यांत वाढायचा.

यात थेंबांचा वाटा किती, काचांचा किती, आणि वय वाढलं की वेग आपोआप कमी होतो त्याचा किती, हे या एका मुलीवरून वेगळं काढता येत नाही. औषध सध्या चालू आहे. वयाच्या तेरा-चौदापर्यंत लांबी बघत राहायचं आणि मग ताकद पायरीपायरीनं उतरवायची, असं ठरलं आहे.

आज वेगळं काय केलं असतं

पहिल्याच भेटीत लांबी मोजली असती. जून ते डिसेंबर २०२२ मधला डोळा किती वाढला हे आम्हाला कधीच कळणार नाही. आता लहान वयात मायनस नंबर निघाला की त्याच दिवशी मोजतो.

'थांबून बघू' हा निर्णयही घेतला नसता. आठ वर्षांचं वय, वर्षात एकाहून जास्त नंबर, वडिलांचा एवढा मोठा नंबर. या तीन गोष्टी एकत्र असताना पाहायचं असं काही उरलं नव्हतं. आईला भीती वाटली म्हणून आम्ही मागे सरलो. तिची भीती घालवायला अर्धा तास लागला असता, तो आम्ही दिला नाही.

आणि माझा प्रश्न. "दिवसभर घालते ना?" असं विचारलं की 'हो' हेच उत्तर येतं; प्रश्नातच ते घालून ठेवलेलं असतं. आता मी विचारते, "शाळेतून आली की चष्मा कुठं ठेवते?" "रविवारी सकाळी काय करते?" "थेंब कोण घालतं, ते गावाला गेले तर कोण घालतं?" आमच्या कार्डावर 'दुपारी घरी कोण असतं' असा एक रकाना छापून घेतला आहे, आणि पहिल्या दोन भेटींपैकी एकीला त्या व्यक्तीनं यायचंच असा आग्रह धरतो. बहुतेकदा आजी येतात, कधी आजोबा, कधी शेजारच्या काकू.

धाकट्या भावाला मात्र वेळेत तपासलं. जून २०२३ मध्ये साडेपाच वर्षांचा असताना बाहुली मोठी करणारे थेंब घालून त्याचा नंबर प्लस ०.५० निघाला. त्या वयाला यापेक्षा जास्त प्लस शिल्लक असायला हवा. ती शिल्लक लवकर संपली की मायनस लवकर लागतो. त्याच्यासाठी औषध न देता फक्त बाहेरचा उजेड हा मार्ग घेतला. चीनमधल्या ग्वांगझूच्या शाळांत रोज ४० मिनिटं जादा मैदानावर काढणाऱ्या मुलांमध्ये तीन वर्षांत नव्यानं मायनस नंबर लागण्याचं प्रमाण ३०.४ टक्के राहिलं, इतर शाळांत ते ३९.५ टक्के होतं. मैदानाचा असा फायदा नंबर लागण्याआधी जास्त होतो, लागल्यानंतर कमी. म्हणून श्रावणीपेक्षा त्याचा रंकाळा चुकू न देणं आम्हाला महत्त्वाचं वाटतं.

जून २०२५ मध्ये तो प्लस ०.२५ वर होता. आजींचे गुडघे आता बरे आहेत आणि सकाळची फेरी पुन्हा सुरू झाली आहे. त्याची पुढची तपासणी सहा महिन्यांनी, श्रावणीसोबतच.